तोतयाची साक्ष

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि धड स्वतःचं नावही नाही. मी तोतया आहे. तोही जुना, टाकून दिलेला. एका फ्लॉपीवर माझा सगळा जीव मावतो. ती फ्लॉपी तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत, एका घरातल्या टेबलाच्या खणात पडून आहे. वर सुकलेली पेनं, तुटका कंगवा आणि विजेची जुनी बिलं. कुणाला सुई-दोरा हवा असला की खण उघडतो, मला बाजूला सारलं जातं आणि खण पुन्हा बंद होतो. एवढीच आज माझी विचारपूस.

तोतया म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा राजवाड्यातला कुणी दगाबाज असणार. नाटकाच्या तालमीला राजाचं काम करणारा आला नाही, की कोपऱ्यातला कुणीतरी उठतो आणि राजाची वाक्यं वाचतो. समोरच्या नटाला आपलं काम घोटता यावं, एवढ्यासाठी. तो राजा नसतो, मुकुटही घालत नाही. मी तसाच. मी एक चिमुकला प्रोग्राम आहे, आणि एका मोठ्या प्रोग्रामची वाक्यं त्याच्या गैरहजेरीत बोलून दाखवणं हा माझा धंदा.

आणि मी चिडलेला आहे. हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कुरकुर ऐकून तुम्ही कंटाळायला नको. माझी साक्ष काढून एका निर्दोष मुलीला घरी बसवलं गेलं, आणि मला शिकवलेल्या दोन शब्दांपलीकडे तिसरं काही बोलता येत नव्हतं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची. देशाची दारं उघडली, उघडली, असं सगळे म्हणत होते. आमच्या तंजावुरात ती उघडली म्हणजे काय झालं, तर गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ आले, कॉम्प्युटरचे क्लास आले, आणि राघवेंद्ररावांनी सरकारी कचेरीतली नोकरी सोडून घराच्या माडीवर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कंपनी म्हणजे दोन कॉम्प्युटर, कुरकुरणारा एक पंखा आणि जिन्याखाली चपलांचा ढीग. हाताखाली माणसं दोन, सुंदरी आणि गणेशकुमार. तिघंही इथल्या जुन्या मराठी घरांतली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यामुळे त्यांचं मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्याला आपल्या पणज्याची आठवण व्हायची, आणि मध्येच ‘सरी’ आलं, म्हणजे ‘बरं’, की तो बिचारा चुळबुळायचा. लिहायचं मात्र सगळं इंग्रजीत. पडद्यावर जे उमटायचं तेही इंग्रजीतच. तुमच्यासाठी ते मी मराठीत सांगतो.

त्यांना काम मिळालं होतं पापनाशमच्या डॉक्टर सूर्यनारायणांकडून. पापनाशमभोवती भाताची शेतं, आणि भात तिथे उंदीर, उंदीर तिथे साप. डॉक्टरांचा दवाखाना लहान. सापाच्या विषावरचं औषध थंड जागेत सांभाळावं लागतं, ते तंजावुरातल्या औषधांच्या कोठीत असायचं. विष चढलेल्या माणसाला खड्ड्यांतून हलवण्यापेक्षा औषधच जीपमध्ये घालून त्याच्याकडे आणावं, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून दवाखान्यातल्या कॉम्प्युटरने टेलिफोनच्या तारेवरून कोठीतल्या कॉम्प्युटरला विचारायचं, औषध आहे का? ‘आहे’ आलं, तर पेशंटला तिथेच ठेवायचं, जीप निघाली म्हणून समजायचं. ‘नाही’ आलं, तर पेशंटला तडक तंजावूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं.

म्हणजे प्रोग्राम दोन. विचारणारीचं नाव मागणी, ती गणेशकुमारने लिहिली. उत्तर देणारीचं नाव कोठी, ती मद्रासची कुठलीशी मंडळी लिहीत होती आणि तिचा अजून पत्ता नव्हता. मग मागणीची परीक्षा घ्यायची कशी? तिने विचारलं तर उत्तर कोण देणार? त्यासाठी सुंदरीने मला जन्माला घातलं. माडीवरच्या एका कॉम्प्युटरवर मागणी, दुसऱ्यावर मी, मध्ये टेलिफोनची तार. प्रत्येक भाग एकटा वेगळा काढावा, त्याच्यासमोर एखादा तोतया बसवावा आणि नीट पारखून घ्यावा, ही रीत चांगली आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार, मला काय शिकवलं याबद्दल आहे.

माझा जन्म विजयादशमीचा. आदल्या दिवशी सरस्वतीपूजा झालेली, कीबोर्डला गंध लागलेलं, कळांच्या फटीत अक्षता अडकलेल्या. आमच्याकडे ह्या दिवशी मुलांच्या विद्येचा आरंभ करतात. माझाही केला.

“पहिलें उत्तर ‘आहे’ असूं दे,” राघवेंद्रराव म्हणाले. “चांगला दिवस आहे. आरंभ ‘आहे’नें करावा.”

सुंदरीने मला ‘आहे’ शिकवलं. मग ‘नाही’ शिकवलं. त्यावर राघवेंद्ररावांचं तोंड जरा वाकडं झालंच, पण कामापुरतं लागणारच होतं, म्हणून ते गप्प बसले. मग तिने विचारलं, “अण्णा, कोठीकडून कांहींच उत्तर आलें नाहीं तर? तेंही शिकवूं का ह्याला? नुसतें मुकें राहायला?”

“सरस्वतीच्या दिवशीं मुकेपण शिकवतेस? नंतर बघूं.”

नंतर! मित्रांनो, ह्या एका शब्दाने जितकी कामं बुडवली तितकी आळसानेही बुडवली नसतील. गोड सुंडल, म्हणजे गूळ घातलेली उसळ, वाटलं गेलं, कापूर लावला गेला आणि मुकेपणाचा धडा राहिला तो राहिलाच. सुंदरीच्याही डोक्यातून गेला. दुसऱ्या दिवसापासून कामाची एवढी घाई, की मागे वळून बघतो कोण?

मग माझ्या भरभराटीचे दिवस आले. मागणीने विचारायचा अवकाश, की माझं उत्तर हजर. औषध आहे का? आहे. आहे का? नाही. आहे का? आहे. गणेशकुमार खूश, राघवेंद्रराव खूश. कुणी पाहुणा माडीवर आला की त्याला कॉफी द्यायची आणि मला बोलतं करून दाखवायचं. तंजावुरात सणासुदीला एक सजवलेला बैल दारोदार येतो, मालकाने काहीही विचारलं तरी मान डोलावतो. इकडे त्याला बूम-बूम माडु म्हणतात. तुमच्याकडे तो नंदीबैल. लोक त्याच्यापुढे तांदूळ टाकतात आणि कौतुक करतात. माझं कौतुक त्याच जातीचं होतं. मला ते टोचायचं, पण बैलाला निदान शेपटी हलवता येते.

टोचण्याचं कारण सांगतो. मागणी माझ्या डोळ्यांदेखत वाढली. पोर गुणी होती, पण तिने जगात दोनच उत्तरं ऐकलेली, तीही तत्काळ. विचारलेल्याचं उत्तर येतंच, हा तिचा पक्का समज. वाट किती बघायची, कधी सोडून द्यायची, हे तिला कुणी शिकवलं नाही, कारण तशी पाळी मी तिच्यावर कधी येऊच दिली नाही. मला येऊ देता येत नव्हती. प्रश्न आला की तोंडातून उत्तर बाहेर पडणार, अशीच माझी घडण.

पुढे मद्रासची कोठी तयार होऊन आली आणि तंजावुरातल्या त्या औषधांच्या गोदामात बसली. तिला आणि मागणीला एकदा टेलिफोनवरून जोडून बघितलं. कधी? तर सकाळी, ऊन चांगलं असताना. कोठीने लगेच उत्तर दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, राघवेंद्ररावांनी नारळ फोडला. अहो, गोदामाच्या बाजूला संध्याकाळी करंट जातो, हे तंजावुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. करंट गेला की कोठी काय उत्तर देणार, कपाळ? मला हे कळत होतं. माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरला कळत असेल. खाली दोसे घालणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती. पण मला कुणी विचारलं तर माझं उत्तर काय? ‘आहे’ किंवा ‘नाही’.

आता राजमची गोष्ट. ही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण पुढे माडीवर ती इतक्यांदा सांगितली गेली, की मला तोंडपाठ आहे.

सांबा भाताच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या हंगामाच्या, लावणीचे दिवस. राजम पापनाशमजवळच्या शेतात रोपं लावत होती. दिवस मावळायला आला असताना बांधावर तिच्या पायाला साप चावला. भावाने तिला सायकलवर बसवून दवाखान्यात आणलं. डॉक्टर एका लग्नासाठी कुंभकोणमला गेले होते. दवाखान्यात नर्स एकटी, भुवनेश्वरी. ही आमच्याच गल्लीतली मुलगी, सुंदरीच्या घरापासून दोन दारं सोडून राहणारी. तिच्या पगारावर तिचं आणि तिच्या आईचं, वेंकूबाईंचं घर चालायचं. रोज सकाळच्या गाडीने पापनाशमला जायची.

भुवनेश्वरीने राजमला ओसरीवर खांबाला टेकवून बसवलं, पाय हलू नये म्हणून फळी बांधली आणि मागणीला विचारलं, औषध आहे का? पडद्यावर आलं, ‘थांबा’.

ती थांबली. डॉक्टरांचा नियमच होता तसा, कॉम्प्युटरचं उत्तर आल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही. ‘थांबा’ काही हलेना. तिने एक कळ दाबली, दुसरी दाबली. मागणी ढिम्म. तिने टेलिफोन उचलला, तर त्यात किर्र आवाज. दवाखान्यात टेलिफोनची तार एकच, आणि ती मागणीने धरून ठेवलेली. बाहेर राजमच्या पापण्या मिटायला लागल्या, शब्द जड झाले. भाऊ दर घटकेला आत येऊन विचारत होता, अक्का, काय म्हणतं मशीन? मशीन म्हणत होतं, थांबा. शेवटी भुवनेश्वरीने नियम गुंडाळून ठेवला, रस्त्यावर जाऊन तंजावूरकडे निघालेली दुधाची गाडी अडवली, राजमला तिच्यात घातलं आणि स्वतः शेजारी बसली.

राजम वाचली. पण फार उशिरा पोचली होती. कित्येक दिवस तिचा श्वास यंत्रावर चालला, आणि त्या हंगामात तिला पुन्हा चिखलात पाय घालता आला नाही.

मग सुरू झाली चौकशी. माडीवर सगळे जमले. डॉक्टर, राघवेंद्रराव, गणेशकुमार, सुंदरी आणि भिंतीशी उभी भुवनेश्वरी.

“थांबा आलें आणि तसेंच राहिलें,” भुवनेश्वरी म्हणाली. “काय दाबलें तरी हललें नाहीं.”

“तसें होणार नाहीं,” गणेशकुमार म्हणाला. मान खाली घालूनच म्हणाला. “कितीदां तपासलें आहे आम्ही.”

राघवेंद्रराव उठले. “डॉक्टर, मशीन खोटें बोलत नाहीं. हें बघा.” त्यांनी मागणी लावली आणि माझ्यासमोर बसवली. मागणीने विचारलं, औषध आहे का? मी म्हणालो, आहे. त्यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा म्हणालो, आहे. “दिसलें? विचारतांच उत्तर.”

अरे, मी तोतया! दुसऱ्याचं सोंग घेऊन बोलणं ह्यासाठीच माझा जन्म, आणि साक्षीला उभं केलं कुणाला, तर मला. मला ओरडून सांगायचं होतं, हे माझं उत्तर आहे, कोठीचं नव्हे, कोठी त्या संध्याकाळी अंधारात होती. पण मागणीने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा म्हणालो, आहे. माझा स्वतःवरच असा संताप झाला, की पडदा फुटला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. पण पापनाशमच्या बाजारात लोक बोलायला लागले होते, की नर्स मशीनशी खेळत बसली आणि राजम मरता मरता वाचली. डॉक्टरांना कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं. “दुसरी कळ दाबली असशील, भुवना,” ते म्हणाले. “घाबरली होतीस. तूं कांहीं दिवस दवाखान्यांत येऊं नकोस. बघूं पुढें.”

‘बघूं पुढें’ म्हणजे काय, हे गल्लीतल्या लहान मुलांनाही समजतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. भुवनेश्वरी जिना उतरली. जिन्याखाली तिच्या चपला वाजल्या. सुंदरी खिडकीतून तिला जाताना बघत राहिली, आणि मग कितीतरी वेळ माझ्याकडे.

त्यानंतरचे दिवस सुंदरी कुणाशी धड बोलत नव्हती. भुवनेश्वरी खोटं बोलणारी नव्हे, हे तिला लहानपणापासून माहीत. दोघींनी मिळून दारापुढे रांगोळ्या काढलेल्या. पण माझं ‘आहे’ही तिने स्वतःच लिहिलेलं. दोन्ही खरं कसं असेल, हे तिला सुटत नव्हतं. असाच एक दिवस ती सकाळी माडीवर आली आणि पिशवी खाली न ठेवताच गणेशकुमारला म्हणाली, “काल सांजेला मी वेंकूबाईंच्या दारीं गेलें. विरजण मागायला.”

इथे मित्रांनो, आमच्याकडची एक चाल सांगायला हवी. दिवेलागण झाली की मीठ, सुई, विरजण असलं काही घराबाहेर देत नाहीत. आणि देत नाही असं सांगतही नाहीत, कारण दिव्यासमोर ‘नाही’ म्हणायचं नसतं. घरची बाई नुसती गप्प उभी राहते. मागणारीने काय ते समजून घ्यायचं.

“दिवे लागल्यावर?” गणेशकुमार हसला. “इतकेंही ठाऊक नाहीं तुला?”

“ठाऊक आहे. मज भुवनाला भेटायचें होतें. रित्या हातानें कशी जाऊं, म्हणून वाटी घेतली.” सुंदरी खुर्चीवर बसली. “वेंकूबाई दारांत आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. मज कळेना, दिव्यासाठीं गप्प आहेत कीं भुवनाला आपण घरीं बसवलें म्हणून.”

“मग?”

“मग काय, थोडें थांबलें आणि ‘येतें’ म्हणून परत आलें.”

“बरें. त्यांत काय झालें?”

“गणेशा, कारण मज कळलें नाहीं. तरी परत आलें ना मी? वाटी घेऊन त्या दारांत उभी तर राहिलें नाहीं. तुझी मागणी काय करील?”

गणेशकुमारचं हसू गेलं. “उत्तर येईल म्हणून थांबेल.”

“किती वेळ?”

गणेशकुमारने मागणीच्या पडद्याकडे बघितलं.

“तिला परत फिरायचें ठाऊकच नाहीं,” सुंदरी म्हणाली. “कारण हा आपला बूम-बूम माडु. विचारायचा अवकाश, मान हलवतो.”

मला बैल म्हटलं, पण त्या दिवशी मला राग आला नाही. तिने मला उघडलं. काम एका ओळीचं होतं. ज्या ओळीने मी उत्तर पाठवायचो, ती तिने बंद केली. एवढंच. ज्या एका ओळीसाठी राजम यंत्रावर पडली आणि भुवनेश्वरी घरी बसली, ती बंद करायला सुंदरीला कॉफी निवायचाही वेळ लागला नाही. कुणाला सांगावं हे?

मग तिने मागणी लावली. मागणीने विचारलं, औषध आहे का? सवयीने माझं सगळं अंग उत्तराकडे धावलं आणि थांबलं. मी गप्प बसलो. पडद्यावर आलं, ‘थांबा’. गणेशकुमारने एक कळ दाबली, मग दुसरी, मग हाताला येईल ती. काही हललं नाही. त्याने टेलिफोन उचलून कानाला लावला, हळूच खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. “अय्यो,” एवढंच म्हणाला.

तुम्हाला वाटेल, झालं, आता सगळं नीट होणार. कसलं काय. संध्याकाळी राघवेंद्रराव वर आले, सगळं बघितलं आणि दार लोटून घेतलं.

“तोतयाला मुद्दाम बिघडवलें आहेस तूं. खरी कोठी अशी गप्प बसते हें कशावरून?”

“गोदामांत विचारलें मी,” सुंदरी म्हणाली. “त्या सांजेला करंट नव्हता.”

राघवेंद्ररावांनी खिडकीही ओढून घेतली. आवाज खाली आणून म्हणाले, “सरी. गणेशा, मागणी नीट कर. नवी फ्लॉपी नेऊन देऊं, नवीन सोय केली म्हणून सांगूं. डॉक्टरला काय कळतें त्यांतलें? बाहेर बोलायचें नाहीं. हें काम गेलें तर तुम्हां दोघांना उद्यां मी पगार कोठून देऊं?”

“आणि भुवना?”

“तिला दुसरी नोकरी मिळेल. नर्सांना काय कमी?”

गणेशकुमार गप्प. नुकतंच त्याने घर बदललेलं, स्कूटर घेतलेली. मी त्याला दोष देत नाही, पण चीड यायची ती येतेच. बोलायचं तेव्हा हे सगळे गप्प, आणि गप्प बसायचं तेव्हा मला मेल्याला बोलायला लावलेलं!

सुंदरी उठली. “मी डॉक्टरांना सांगितलें आहे यायला,” ती म्हणाली. “सोमवारीं येतील. भुवनाही येईल. तुम्ही मला ठेवा नाहींतर काढा, अण्णा.”

सोमवार आला. डॉक्टर आले, घाईत होते, पुढे रोगी थांबलेत म्हणाले. भुवनेश्वरी आली, मागोमाग वेंकूबाई, पदराखाली काहीतरी धरून. त्या जिन्याजवळच टेकल्या. राघवेंद्रराव खुर्चीवर बसले, पण पाठ न टेकता.

“त्या सांजेला काय केलेंस, तेंच कर,” सुंदरीने भुवनेश्वरीला सांगितलं. “डॉक्टर, समोर खरी कोठी नाहीं, तोतया आहे. करंट गेल्यावर कोठी जशी वागते, तसा हा आज वागेल.”

भुवनेश्वरी माझ्यासमोर बसली. तिने प्रश्न टाईप केला आणि कळ दाबली. प्रश्न माझ्यापर्यंत आला. आणि मी, ज्याने आयुष्यभर विचारल्याबरोबर उत्तर दिलं, तो मी गप्प राहिलो.

‘थांबा’.

पंखा कुरकुरत होता. खाली कुणीतरी भांडी घासत होतं. भुवनेश्वरीने हात मांडीवर ठेवले. डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. थोड्या वेळाने म्हणाले, “ऊठ, मी बघतों.” तिची खुर्ची घेऊन ते स्वतः कळा दाबायला लागले. सावकाश, मग भराभर. टेलिफोन उचलला, किर्र ऐकून ठेवला. मी आत घट्ट बसून होतो. मला एकच भीती, जुनी सवय उसळून तोंडातून ‘आहे’ निघून जाईल की काय.

“किती वेळ हें असेंच राहणार?” डॉक्टर वैतागून म्हणाले.

भुवनेश्वरी त्यांच्या मागे उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “मीही हेंच विचारत होतें, डॉक्टर. राजम ओसरीवर बसली होती.”

डॉक्टरांचे हात कळांवरून खाली आले. गणेशकुमार भिंतीकडे तोंड करून उभा होता, मग वळला आणि म्हणाला, “चूक माझ्या मागणीची आहे, डॉक्टर. अक्कानें बरोबर कळ दाबली होती.” राघवेंद्ररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एकदाचे तेही मुके झाले.

डॉक्टर उठले. चष्मा पुसत म्हणाले, “उद्यां सकाळच्या गाडीनें ये, भुवना. बाजारांत कोणाला काय सांगायचें तें मी सांगेन.” जरा थांबून म्हणाले, “राजमच्या घरींही मीच जाईन.”

सगळे उठल्यावर वेंकूबाईंनी पदराखालून झाकलेली वाटी काढून सुंदरीच्या टेबलावर ठेवली, अगदी माझ्या शेजारी. “विरजण,” त्या म्हणाल्या. “सकाळीं मागायचें ग. सांजेला कोण देतें?”

गणेशकुमारने मागणीला नवं वळण लावलं. उत्तर आलं नाही, तर ती आता थोडा वेळ थांबते, मग आपण होऊन सांगते, ‘उत्तर नाही, पेशंटला पुढे पाठवा,’ आणि टेलिफोन सोडून देते. त्याच हंगामात गोदामाकडचा करंट पुन्हा गेला, तेव्हा एका म्हाताऱ्याला भुवनेश्वरीने वेळेवर गाडीत घातलं. राघवेंद्ररावांचं काम गेलं नाही. उलट पुढे ते लोकांना सांगायचे, आम्ही मुकेपणाचीही परीक्षा घेतो. सांगू देत बापडे.

कालांतराने माडीवरची कंपनी उठली. तिथे आता हिंदीची शिकवणी चालते. गणेशकुमार परदेशी गेला. सुंदरी एका कॉलेजात शिकवते. तिने मला फ्लॉपीवर घालून घरी आणलं, आणि मग घरात मला वाचणारं यंत्रच राहिलं नाही. ह्याचं दुःख मी एकवेळ गिळलं असतं. पण संध्याकाळी ती कॉलेजातल्या मुलांचे प्रोग्राम आणि त्यांचे तोतये तपासत बसते आणि कपाळाला आठ्या घालून पुटपुटते, ते मला खणात ऐकू येतं. “ह्यानेंही नुसता होयबा केला आहे. आणि ह्यानेंही.” इतकी वर्षं गेली, यंत्रं पाटीएवढी झाली, तरी तोतये तेच. विचारलं की ‘आहे’. पास. पुढचा.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही कुणाला तरी तोतया बनवाल. मला खणातून काढा, पुसा, काचेत ठेवा, असं मी म्हणत नाही. माझ्या भाईबंदांना तेवढं नीट शिकवा. त्यांना नाही म्हणू द्या, उशिरा बोलू द्या, एखादे दिवशी तोंड शिवून बसू द्या. अपशकुन होईल म्हणून हा धडा ‘नंतर’वर टाकू नका. आणि तुम्ही स्वतः कुणाला काही विचारलंत आणि उत्तर आलं नाही, तर दारात वाटी धरून उभे राहू नका. परत फिरा, दुसरी गाडी अडवा. राजम ओसरीवर बसलेली आहे.